आजाराआधीची शस्त्रक्रिया: जठराचा वंशागत कॅन्सर आणि पिंपरीतली तीन पिढ्यांची घरं

समजा, तिशीतला एक माणूस आहे. भूक नीट लागते, वजन घटलेलं नाही, एन्डोस्कोपीत जठराचं अस्तर स्वच्छ दिसतं. तरीही डॉक्टर त्याला जठर पूर्ण काढून टाकण्याचा विचार करायला सांगतात. त्याच्या रक्ततपासणीत सीडीएच१ नावाच्या जनुकात दोष सापडला आहे आणि त्याचे वडील, एक काका आणि एक आत्या जठराच्या कॅन्सरने गेले आहेत. कॅन्सर अजून दिसत नाही, पण दिसेल तेव्हा बहुधा उशीर झालेला असेल. अशा वेळी निरोगी वाटणारा अवयव आधीच काढावा का?

गेल्या पंचवीस-सत्तावीस वर्षांत या प्रश्नाचं उत्तर बदलत गेलं आहे. सुरुवातीला ते ठाम ‘हो’ होतं. आज ते ‘कुणाचं घराणं आहे त्यावर’ असं आहे. माझं मत सुरुवातीलाच मांडतो. ही शस्त्रक्रिया काही घराण्यांसाठी खरोखर जीव वाचवणारी आहे आणि ती करायला लागणारे हात पुण्या-मुंबईत आहेत. आपल्याकडे उणीव आहे ती शस्त्रक्रियेच्या आधीच्या आणि नंतरच्या गोष्टींची. आधी हवी घराण्याची नीट माहिती आणि घाई न करणारा सल्ला. नंतर हवं जठर नसलेल्या माणसाला जेवू देणारं कामाचं ठिकाण. पिंपरी-चिंचवड-चाकणसारख्या कामगारवस्तीत या दोन्हींवाचून नुसत्या शस्त्रक्रियेचं कौतुक करण्यात अर्थ नाही.

आजार आधी समजून घेऊ. सीडीएच१ जनुक ई-कॅडहेरिन हे प्रथिन तयार करतं आणि हे प्रथिन अस्तरातल्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवतं. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात. एक प्रत जन्मतःच सदोष असेल आणि पुढे जठरातल्या एखाद्या पेशीत दुसरीही निकामी झाली, तर ती पेशी आपली जागा सोडते. अशा सुट्या पेशी अस्तराखाली पसरत जातात. त्यांची गाठ होत नाही, व्रण पडत नाही, आणि वरचं अस्तर बराच काळ धड दिसतं. दुर्बीण आत घालूनही हाती काही लागत नाही ते यामुळेच. लक्षणं येतात तेव्हा जठराची भिंत जाड आणि कडक झालेली असते आणि बरं होण्याची आशा थोडी उरते. आई किंवा वडील यांपैकी एकाकडे दोष असेल, तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा-मुलगी असा फरक त्यात नाही. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होतं म्हणून हा आजार येतो, असंही नाही. एकच सदोष प्रत पुरते.

हा दोष सापडला न्यूझीलंडमध्ये, आणि शोधाची सुरुवात एका कुटुंबानं केली. टौरंगा भागातल्या एका मोठ्या माओरी घराण्यात तीस वर्षांत २५ माणसं जठराच्या कॅन्सरने गेली होती. त्यांत १४ वर्षांचा मुलगाही होता. घरातल्या काहींना हा शाप वाटे. याच घराण्यातल्या मेबेल मॅक्लाउड आणि त्यांच्या नातेवाइकांनी हे मृत्यू एकत्र मांडले, शंभराच्या आसपास माणसांची वंशावळ उभी केली आणि ओटागो विद्यापीठातल्या पॅरी गिलफर्ड यांच्या गटाबरोबर काम सुरू केलं. मार्च १९९८ मध्ये ‘नेचर’मध्ये शोधनिबंध आला. त्याच्या लेखकांच्या यादीत शास्त्रज्ञांच्या शेजारी या घराण्यातल्या माणसांचीही नावं आहेत. रक्त देणारा आणि रक्त तपासणारा यांच्यात इतकी बरोबरी वैद्यकाच्या इतिहासात फार वेळा दिसत नाही, म्हणून मला ही यादी त्या निबंधातल्या निष्कर्षाइतकीच महत्त्वाची वाटते.

आपल्याकडे एका घरात तरुण माणसं लागोपाठ गेली की पितृदोषाची शंका येते आणि त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबळी केला जातो. त्यात हसण्यासारखं मला काही दिसत नाही. हे मृत्यू सुटे नाहीत, त्यांना जोडणारं काहीतरी आहे, एवढं त्या घरानं ओळखलेलं असतं. गेलेल्यांची नावं, नाती, कोण कोणत्या वयात गेलं, हे सगळं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पाठ असतं. जनुकतज्ज्ञाला पहिल्या भेटीत हीच माहिती हवी असते. विधी करा किंवा करू नका, पण ती यादी डॉक्टरांपर्यंत पोचवा.

शोधानंतर पुढचं पाऊल लगेच पडलं. २००१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये डेव्हिड हंट्समन आणि सहकाऱ्यांनी दोन घराण्यांतल्या पाच तरुण माणसांचा वृत्तान्त छापला. पाचही जण निरोगी होते, तपासण्या स्वच्छ होत्या, पण जनुकात दोष होता. पाचही जणांनी जठर काढून घेतलं. काढलेलं जठर बारीक काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तेव्हा पाचही जठरांत कॅन्सरच्या पेशी सापडल्या. हे वाचून जगभरच्या सर्जनांचं मत बनलं. २००६ मध्ये अमेरिकेतल्या एका कुटुंबाची बातमी गाजली. जठराच्या कॅन्सरने गेलेल्या आजीच्या १८ नातवंडांपैकी ११ जणांत दोष सापडला आणि अकराही जणांनी जठर काढून घेतलं. त्या काळी आकडेही तसेच भीतीदायक होते. २०१५ मध्येही सांगितलं जाई की दोष असलेल्या पुरुषाला ऐंशी वर्षांपर्यंत जठराचा कॅन्सर होण्याची शक्यता ७० टक्के आणि स्त्रीला ५६ टक्के. एवढी जोखीम असेल तर शस्त्रक्रिया टाळा, असं कोण सांगणार?

पण हे आकडे कुठून आले होते? ज्या घराण्यांत मृत्यूंची रांग लागली होती तीच घराणी आधी तपासली गेली. जिथे दोष आहे पण कुणी मेलं नाही, अशी घरं डॉक्टरांकडे गेलीच नाहीत, म्हणून मोजली गेली नाहीत. पुढे एका वेळी कित्येक जनुकं तपासणाऱ्या चाचण्या स्वस्त झाल्या. स्तनाच्या कॅन्सरसाठी तपासायला गेलेल्या बाईत अचानक सीडीएच१ चा दोष सापडू लागला आणि तिच्या घरात जठराच्या कॅन्सरचं नावही नसे. ही घरं हिशेबात धरल्यावर आकडे खाली आले. २०१९ च्या एका मोठ्या पाहणीत पुरुषांत ४२ आणि स्त्रियांत ३३ टक्के. २०२४ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अमेरिका-कॅनडातल्या पाहणीत तर जोखीम ७ ते १० टक्क्यांच्या आसपास निघाली. पण त्याच पाहणीत, ज्या घरात तीन किंवा अधिक जणांना जठराचा कॅन्सर झाला होता तिथे ती ३८ टक्क्यांच्या जवळ होती.

सगळ्या चर्चेचं मर्म मला या दोन आकड्यांतल्या अंतरात दिसतं. लॅबचा रिपोर्ट एकच आहे, जनुक एकच आहे, पण एका घरात जोखीम दहातल्या एकाची आणि दुसऱ्या घरात जवळजवळ चारांची. म्हणून हातात नुसता पॉझिटिव्ह रिपोर्ट घेऊन सर्जनकडे धावणं चूक, आणि घरात तीन माणसं गेलेली असताना ‘आपल्याला काय होतंय’ म्हणून बसून राहणंही चूक.

एक कोडं अजून सुटलेलं नाही. आधीच काढलेल्या जठरांपैकी बहुतेकांत, दहातल्या आठ-नऊंत तरी, अस्तरात कॅन्सरच्या पेशींची सूक्ष्म बेटं सापडतात. आणि तरी दोष असलेल्यांपैकी बहुतेकांना आयुष्यभरात पसरणारा कॅन्सर होत नाही. म्हणजे यांतली बरीच बेटं वर्षानुवर्षं, कदाचित जन्मभर, जागच्या जागी राहतात. कोणतं बेट निजून राहील आणि कोणतं उठेल हे आज कुणालाच सांगता येत नाही. शस्त्रक्रियेनंतर ‘बघा, पेशी सापडल्याच, बरं झालं काढलं’ असं जे सांगितलं जातं ते म्हणूनच अर्धं खरं. त्या माणसाच्या मनाला त्यानं आधार मिळतो, तो नाकारू नये. पण पुढच्या माणसाला सल्ला देताना हा पुरावा म्हणून वापरू नये.

दुसरा मार्ग नियमित एन्डोस्कोपीचा. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ती साध्या एन्डोस्कोपीसारखी उरकायची नसते. निदान अर्धा तास अस्तर बारकाईनं पाहायचं, संशयास्पद जागांचे तुकडे घ्यायचे, आणि त्याशिवाय जठराच्या वेगवेगळ्या भागांतून २८ ते ३० तुकडे घ्यायचे. हे दरवर्षी, काहींना सहा महिन्यांनी. आणि तुकडे पाहणारा पॅथॉलॉजिस्टही या आजाराचा जाणकार हवा. २०२३ मध्ये केंब्रिजमधल्या आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या (एनआयएच) पाहण्यांनी दाखवलं की अशा अनुभवी केंद्रात निगराणी हा काही जणांसाठी मान्य करण्याजोगा पर्याय आहे. पण शब्द ‘अनुभवी केंद्रात’ असा आहे. गर्दीच्या ओपीडीत दहा मिनिटांत झालेल्या एन्डोस्कोपीचा ‘नॉर्मल’ रिपोर्ट दोष असलेल्या माणसाला कसलीच खात्री देत नाही. ज्याच्या घरात कॅन्सर दाट आहे त्याला मार्गदर्शन अजूनही विशी ते तिशीच्या दरम्यान शस्त्रक्रियेचा विचार सुचवतं. सत्तरीनंतर ती सहसा सुचवली जात नाही.

स्त्रियांच्या बाबतीत एक गोष्ट मागे पडते. याच दोषानं स्तनाचा एक विशिष्ट प्रकारचा, लोब्युलर, कॅन्सर होतो आणि २०२४ च्या आकड्यांनुसार त्याची शक्यता ३७ टक्क्यांच्या घरात आहे. म्हणजे बऱ्याच बायकांसाठी जठरापेक्षा स्तनाचा धोका मोठा आहे. हा कॅन्सरही गाठीऐवजी पसरट वाढतो आणि मॅमोग्राफीत निसटू शकतो, म्हणून तिशीपासून दरवर्षी एमआरआय सुचवला जातो. जठराची चर्चा तासभर आणि स्तनाची दोन मिनिटं, असं होऊ नये.

आता शस्त्रक्रिया. पूर्ण जठर काढून माणूस जगू शकतो हे १८९७ मध्ये झुरिकमध्ये कार्ल श्लाटर यांनी पहिल्यांदा दाखवलं. आज अन्ननलिकेचं खालचं टोक थेट लहान आतड्याला जोडलं जातं आणि पित्त वर येऊ नये म्हणून आतड्याची जोडणी इंग्रजी वाय अक्षरासारखी केली जाते. प्रतिबंधक शस्त्रक्रियेत एक दक्षता जास्त घ्यावी लागते. जठराचं अस्तर जरासुद्धा मागे राहता कामा नये. म्हणून वरच्या कडेचा तुकडा ऑपरेशन चालू असतानाच तपासून घेतात. अनुभवी हातांत जिवाचा धोका एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. पण निरोगी माणसाच्या बाबतीत एक टक्काही हलका नाही. जोड गळणं, जोड अरुंद होणं, छातीत संसर्ग, यांची शक्यता त्याहून बरीच जास्त.

खरा हिशेब मात्र घरी आल्यावर सुरू होतो. पहिल्या वर्षात वजन १० ते २० टक्के घटतं. जठर अन्न साठवतं आणि थोडं थोडं पुढे सोडतं. ते नसल्यावर खाल्लेलं थेट आतड्यात उतरतं. गोड किंवा पातळ पदार्थ भरभर पोटात गेला की पंधरा-वीस मिनिटांत घाम, धडधड, पोटात कळ, जुलाब, गळाठा. काहींना दोन-तीन तासांनी साखर एकदम उतरून चक्कर येते. टपरीवरचा कपभर गोड चहा एका दमात घेणं संपलं. जेवण दिवसातून सहा ते आठ वेळा, थोडं थोडं, अगदी चावून. आधी डाळ, अंडं, पनीर, मासे यांसारखं प्रथिनांचं, मग भात-भाकरी. पाणी जेवताना नाही, अर्धा तास आधी किंवा नंतर. दिवसभराचा निर्जळी उपवास कायमचा बंद. दारू लवकर चढते आणि जास्त चढते. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आणि रक्ताच्या तपासण्या जन्मभर.

बी१२ जीवनसत्त्वाची गोष्ट पुणे परिसरात वेगळी सांगायला हवी. हे जीवनसत्त्व शोषायला जठरात तयार होणारं एक प्रथिन लागतं. जठर गेलं की ते गेलं, म्हणून इंजेक्शन आयुष्यभर. युरोपातल्या मांसाहारी माणसाच्या यकृतात बी१२ चा काही वर्षं पुरेल इतका साठा असतो. आपलं काय? पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं पुणे आणि आसपासच्या ४४१ पुरुषांची पाहणी २००६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतल्या ६७ टक्क्यांत बी१२ आधीच कमी होतं. अशा माणसाचं जठर काढलं आणि इंजेक्शनं विसरली गेली, तर हातापायांना मुंग्या, तोल जाणं, विसराळूपणा ही लक्षणं पुस्तकातल्या मुदतीची वाट पाहणार नाहीत. शस्त्रक्रियेच्या आधीच बी१२ तपासावं, कमी असेल तर भरून काढावं आणि मगच तारीख ठरवावी. हे साधं आहे, स्वस्त आहे आणि आपल्याकडे अनिवार्य असायला हवं.

मग हा माणूस कामावर परततो. मार्गदर्शनात लिहिलेलं असतं की दिवसातून सहा ते आठ वेळा खा. शिफ्टच्या घड्याळात ते बसवायचं कसं? १९४८ च्या कारखाना कायद्यानं सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती बांधून दिली आणि लाईनवरची जेवणाची सुट्टी त्याच मापाची राहिली. त्या अर्ध्या तासात हात धुणं, कॅन्टीनची रांग, जेवण, सगळं उरकायचं. जठर नसलेल्या माणसानं त्या वेळात पूर्ण ताट संपवलं तर पुढचा तास तो मशीनपाशी उभा राहू शकणार नाही. त्याला दर दोन तासांनी दहा मिनिटं हवीत, म्हणजे त्या दहा मिनिटांसाठी जागेवर रिलीव्हर हवा. डबा शॉप फ्लोअरजवळ ठेवायला जागा हवी. स्वच्छतागृहाला जाण्याची मुभा हवी. नाईट शिफ्टमधून निदान पहिलं वर्ष सूट हवी. यातल्या एकाही गोष्टीला मोठा पैसा लागत नाही. पर्मनंट कामगाराला युनियनमार्फत हे मिळवता येईल. चाकणच्या कंत्राटी पोरानं कुणाला सांगायचं? तो सांगणारच नाही. आधीच सुट्टी घेतली की गेटपास बंद होण्याची भीती असते.

पैशाचं पाहा. महिन्याला २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला ईएसआयचं कवच असतं. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. या शस्त्रक्रियेनंतर कामावर परतायला दोन-तीन महिने लागतातच, म्हणजे ते ९१ दिवस इथेच संपतात. कॅन्सरसारख्या ३४ दीर्घ आजारांसाठी दोन वर्षांपर्यंत ८० टक्के मिळण्याची सोय आहे, पण आमच्या तिशीतल्या माणसाला कॅन्सर झालेलाच नाही. तो होऊ नये म्हणून तर ही धडपड. राज्याच्या महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचं कवच आता पाच लाखांचं आहे, तरी तिची रचना झालेल्या आजारावरच्या उपचारांभोवती आहे. आजार बळावल्यावर केमोथेरपी, ऑपरेशन, पुन्हा केमोथेरपी यांवर सरकार खर्च करील. तोच आजार टाळण्यासाठी मात्र कुटुंबाला वणवण करावी लागेल. हे बदललं पाहिजे. अशी माणसं थोडी आहेत, त्यामुळे तिजोरीवर भारही थोडा.

खाजगी विम्यात आणखी एक अडसर होता. ‘आनुवंशिक आजार वगळून’ अशी अट घालून दावे नाकारले जात. हृदयाच्या एका आनुवंशिक विकाराच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये ही सरसकट अट भेदभाव करणारी ठरवली आणि त्यानंतर विमा नियामकानं कंपन्यांना त्या आधारावर दावे नाकारू नका असं कळवलं. हा मोठा दिलासा आहे. पण जनुकांच्या माहितीवरून विमा किंवा नोकरीत भेदभाव करू नये असा स्वतंत्र कायदा, अमेरिकेत २००८ मध्ये झाला तसा, आपल्याकडे नाही. कारखान्याच्या वार्षिक वैद्यकीय तपासणीत ‘घरात कुणाला काय’ या रकान्यासमोर कामगार पेन थांबवतो, त्याला त्याची कारणं असतात.

आता पिंपरीची एक खास गोष्ट, जी मला या विषयात आशेची वाटते. १९५४ मध्ये इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात बजाज, टेल्को आणि एमआयडीसी आली. सातारा, सोलापूर, नगर, मराठवाडा, खानदेश, विदर्भ इथून माणसं येऊन स्थिरावली. पहिली पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे, दुसरी निवृत्तीला आली, तिसरी नोकरीला लागली. वंशागत कॅन्सर ओळखायला तीन पिढ्यांची वंशावळ लागते आणि ती या शहरात आज पहिल्यांदाच पूर्ण भरते आहे. आजोबांच्या भावंडांचे मृत्यू गावाकडे झाले. कारण सांगितलं जातं ते ‘पोटात गोळा झाला होता’, ‘अल्सर फुटला’, ‘अन्नच खाली उतरेना’. दुसऱ्या पिढीतले मृत्यू मात्र इथे झाले, महापालिकेच्या वायसीएम हॉस्पिटलमध्ये, पुण्याच्या हॉस्पिटलांत, मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये. त्यांचे कागद आहेत. आजोबांच्या पिढीतली आठवण आणि वडिलांच्या पिढीतला कागद जोडणारी माणसं अजून हयात आहेत, आणखी दहा वर्षांनी नसतील.

हे जोडकाम सरकारी नोंदवही करणार नाही. मुंबईची कॅन्सर नोंदवही डॉ. दारा जस्सावाला यांनी १९६३ मध्ये सुरू केली आणि पुण्याची १९७३ मध्ये आली. दोन्हींचं काम मोलाचं आहे. पण त्यांत रुग्ण पत्त्यावरून आणि अवयवावरून मोजला जातो. आकुर्डीतला भाऊ, बीडमधला चुलता आणि कुर्ल्यातली आत्या या तिथे तीन असंबद्ध नोंदी. त्यांना एका कागदावर आणणं घरच्यांनाच शक्य आहे.

त्या कागदावर काय पाहायचं? घरात दोन जणांना जठराचा कॅन्सर, त्यातला एक तरी पसरट प्रकारचा, म्हणजे वर सांगितल्यासारखा गाठ न होता अस्तराखाली पसरणारा. पन्नाशीच्या आत एकालाही तसा कॅन्सर. एकाला जठराचा पसरट आणि दुसरीला सत्तरीच्या आत स्तनाचा लोब्युलर कॅन्सर. पसरट जठरकॅन्सर असलेल्याच्या घरात दुभंगलेला ओठ किंवा टाळू घेऊन जन्मलेलं मूल. ही शेवटची गोष्ट डॉक्टरसुद्धा विचारायला विसरतात. आणि आपल्याकडे तर दुभंगलेल्या ओठाचा दोष आईवर टाकून मोकळे होतात, तिनं ग्रहण पाळलं नाही म्हणून. तो ओठ त्या घराण्याच्या जनुकांबद्दल काही सांगत असेल, तर तेही वडिलांच्या बाजूचं असू शकतं. स्तनाच्या कॅन्सरची चौकशी करताना फक्त आई-मावशी-आजी विचारल्या जातात. आत्या आणि चुलत बहिणी तितक्याच महत्त्वाच्या.

घराण्याची ही माहिती लपवली जाते ती मुख्यतः लग्नासाठी. ‘त्यांच्यात कॅन्सर आहे’ एवढं एक वाक्य स्थळ मोडायला पुरतं. या भीतीला उपदेशानं उत्तर देता येत नाही. एवढंच सांगता येतं की न सांगितल्यानं दोष निघून जात नाही आणि ज्यांना तो नाही अशी निम्मी भावंडंही त्याच संशयाखाली राहतात.

घराण्यात कॅन्सर दाट असूनही सीडीएच१ मध्ये काहीच सापडत नाही, असंही पुष्कळदा होतं. जठराच्या सगळ्या कॅन्सरांत वंशागत प्रकार एक ते तीन टक्के. भारतात वर्षाला ६० हजारांच्या आसपास नवे रुग्ण आढळतात. सर्वाधिक प्रमाण मिझोरामात आहे, महाराष्ट्रात तुलनेनं कमी. अशा दोष न सापडलेल्या घरांनी जठर काढण्याचा विचार करू नये. त्यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणी करून घ्यावी आणि सापडला तर पूर्ण उपचार घ्यावेत. जपानमधल्या २०२३ च्या एका मोठ्या पाहणीत बीआरसीएसारख्या, कॅन्सरशी संबंधित दुसऱ्या जनुकांत दोष आणि हा जंतू दोन्ही असलेल्यांत ८५ वर्षांपर्यंत जठराच्या कॅन्सरची शक्यता ४५ टक्के निघाली. जंतू असून दोष नसलेल्यांत ती १४ टक्के होती. हा जंतू आपल्याकडे घरोघरी आहे आणि दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी तो बहुतेकांत जातो.

ज्यांच्या घराचं चित्र वरच्या वर्णनाशी जुळतं त्यांनी तपासणी कुणापासून सुरू करायची? निरोगी पुतण्यापासून नाही, आजारी काकापासून. आधी निरोगी माणसाला तपासलं आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला, तर त्याला दोष मिळाला नाही की घरात दोष मुळातच दुसरा आहे, हे कळत नाही. आजारी माणसात नेमका कोणता बदल आहे ते कळलं की बाकीच्यांना तेवढाच तपासायचा असतो आणि उत्तर स्वच्छ मिळतं. तो माणूस गेला असेल तर त्याच्या बायोप्सीचा मेणात बसवलेला तुकडा हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी विभागात बरीच वर्षं जपून ठेवलेला असू शकतो. नातेवाइकांनी अर्ज केला तर तो मिळतो. म्हणून माणूस गेल्यावर त्याची फाईल रद्दीत टाकू नका. बायोप्सी क्रमांक असलेला एक कागद उद्या पुतण्याच्या कामाला येईल.

रिपोर्टवर कधी कधी लिहून येतं की बदल सापडला आहे पण त्याचा अर्थ निश्चित नाही. भारतीयांत हे जास्त घडतं, कारण तुलनेसाठी जमवलेली जगातली माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. अशा रिपोर्टवर कुणीही, कितीही आग्रह झाला तरी, जठर काढून घेऊ नये. खाजगी लॅबचा माणूस घरी येऊन रक्त नेतो आणि रिपोर्ट मोबाईलवर येतो. तो समजावून सांगणारं मात्र कुणी नसतं. टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या ॲक्ट्रेक केंद्रात डॉ. राजीव सरीन यांच्या पुढाकारानं उभं राहिलेलं कॅन्सर जनुकशास्त्राचं क्लिनिक याच कामासाठी आहे आणि द्रुतगती मार्गानं ते पिंपरीपासून फार दूर नाही. शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी आणि महापालिकेनं मिळून आठवड्यातून एक दिवस असा सल्ला वायसीएममध्ये सुरू केला, तर तो कामगाराच्या सुट्टीच्या दिवसात बसेल. त्यासाठी नवी इमारत नको, नवं यंत्र नको. वंशावळ काढायला शिकलेला एक समुपदेशक आणि घाई नसलेला एक तास हवा.

केमोथेरपी चालू असलेल्या माणसाकडे ‘तुझं थोडं रक्त हवंय, मुलांसाठी’ असं म्हणणं सोपं नाही. घरच्यांना ते अभद्र वाटतं. हे बोलणं डॉक्टरांनी अंगावर घ्यावं आणि उपचार सुरू होतानाच घ्यावं, कारण नंतर वेळ उरत नाही. माझ्या पाहण्यात आजारी माणसं याला सहसा नाही म्हणत नाहीत. त्या काही मिलिलिटर रक्तातून दोष निश्चित झाला की सगळ्या भावंडांना आणि सज्ञान मुलांना तपासता येतं, आणि त्यांपैकी साधारण निम्म्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह येतो. त्यांची जोखीम इतर कुणाही माणसाइतकीच असते. त्यांना दुर्बीण नको, तीस तुकडे नकोत, ऑपरेशन नको, आणि त्यांच्या मुलांना पुढे तपासण्याचीही गरज राहत नाही.